इंकजेट मुद्रणाच्या कामगिरीचे मापन

इंकजेट मुद्रणाच्या कामगिरीचे मापन म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब फेकून कागद, कापड, फ्लेक्स किंवा वेष्टनावर छापणाऱ्या यंत्राचे काम किती अचूक, किती एकसारखे, किती वेगवान आणि किती खर्चाचे आहे, हे उपकरणांच्या व ठरावीक पद्धतींच्या साहाय्याने तपासणे होय. या मापनाचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात: शाई यंत्रात असताना तिचे गुणधर्म मोजणे, थेंब हवेत असताना त्याचे आकारमान, वेग व दिशा मोजणे आणि थेंब पृष्ठभागावर पडून वाळल्यानंतर उमटलेल्या छपाईची तपासणी करणे. छपाईतील दोष शेवटच्या टप्प्यात दिसतो, परंतु त्याचे कारण बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत दडलेले असते. त्यामुळे केवळ छापलेले पान पाहून यंत्राविषयी काढलेले निष्कर्ष अनेकदा चुकतात.

महाराष्ट्रात इंकजेट मुद्रण आता मोठ्या छापखान्यांपुरते राहिलेले नाही. दुधाच्या पिशवीवरील तारीख, बियाण्याच्या पाकिटावरील लॉट क्रमांक, चौकातील फ्लेक्स फलक आणि गावातील सेवा केंद्रात मिळणारा सातबारा उतारा या बाबी बहुतांशी याच पद्धतीने छापल्या जातात. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात आणि मुंबईच्या कारखान्यात वापरले जाणारे तंत्र मुळात एकच असते. फरक असतो तो भोवतालच्या हवामानाचा, वापराच्या पद्धतीचा आणि तपासणीच्या साधनांचा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

द्रवाची धार आपोआप थेंबांत का तुटते, हा प्रश्न इंकजेट यंत्रापेक्षा शतकाहून अधिक जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स सावार यांनी १८३३ मध्ये धारेच्या तुटण्याची निरीक्षणे नोंदवली. बेल्जियमचे जोसेफ प्लाटो यांनी यामागे पृष्ठताण असल्याचे दाखवले आणि लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचे गणित मांडले. रॅले यांच्या गणितानुसार धारेवर उठणाऱ्या तरंगांपैकी धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीचा तरंग सर्वांत वेगाने वाढतो व तिचे तुकडे करतो. हा आकडा आजही उपयोगी पडतो. ६० मायक्रोमीटर व्यासाची धार सेकंदाला २० मीटर वेगाने निघत असेल, तर तरंगाची लांबी २७० मायक्रोमीटर आणि थेंबांची संख्या सेकंदाला सुमारे ७४,००० येते. पाकिटांवर तारखा छापणारी अखंड धारेची यंत्रे साधारण याच पल्ल्यात चालतात.

स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट यांनी १९५१ मध्ये शाईच्या धारेने आलेख काढणाऱ्या वैद्यकीय उपकरणाचे पेटंट घेतले. शरीरात बसवता येणारा पहिला हृदयगतिकारक तयार करणारे एल्मक्विस्ट ते हेच. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी थेंबांना विद्युतभार देऊन त्यांची दिशा वळवण्याची पद्धत विकसित केली. हवा तेव्हाच थेंब सोडणारी, म्हणजे मागणीनुसार थेंबाची यंत्रे त्यानंतर आली. स्टीव्हन झोल्टन यांचे १९७२ चे पेटंट दाबविद्युत स्फटिकाच्या हालचालीवर आधारलेले होते. जपानच्या कॅनन कंपनीतील इचिरो एंडो यांनी १९७७ मध्ये उष्णतेने बुडबुडा तयार करून शाई फेकण्याचे तत्त्व पुढे आणले. ह्युलेट-पॅकार्डचा १९८४ मधील थिंकजेट हा या तत्त्वावरील सुरुवातीच्या स्वस्त मुद्रकांपैकी एक होय. त्यात १२ छिद्रे होती आणि त्याची सूक्ष्मता इंचाला ९६ ठिपक्यांची होती.

छिद्रांची संख्या शेकड्यांत आणि पुढे हजारांत गेली तशी मापनाची निकडही वाढली. १२ छिद्रांपैकी एक बंद पडले तर डोळ्याला लगेच कळते. हजारो छिद्रांपैकी चार तिरकी फेकत असतील, तर ती शोधण्यासाठी उपकरण लागते.

शाईचे मापन

इंकजेट शाईचे तीन गुणधर्म प्रामुख्याने मोजले जातात: स्निग्धता, पृष्ठताण आणि घनता. स्निग्धता मोजण्यासाठी फिरत्या दंडगोलाचे किंवा शंकूचे व्हिस्कोमीटर वापरतात. पृष्ठताण मोजण्यासाठी सुईच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाचे छायाचित्र घेऊन त्याच्या आकारावरून गणित करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र छिद्रातून निघणाऱ्या थेंबाचा पृष्ठभाग काही मायक्रोसेकंदांपूर्वीच तयार झालेला असतो आणि शाईतील पृष्ठताण कमी करणाऱ्या घटकांना तिथवर पोहोचायला अवधी मिळालेला नसतो. म्हणून स्थिर थेंबावरील आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. हा फरक जाणून घेण्यासाठी बुडबुड्याच्या दाबावर चालणारे टेन्सिओमीटर वापरतात, ज्यात पृष्ठभागाचे वय मिलिसेकंदांत मोजता येते.

हे तीन गुणधर्म आणि छिद्राचा व्यास एकत्र करून एकच बिनएककी अंक काढण्याची पद्धत आहे. घनता, पृष्ठताण व छिद्राचा व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाला स्निग्धतेने भागले की हा अंक मिळतो. त्यास झेड असे म्हणतात आणि तो ओनेसोर्ग अंकाचा व्यस्त असतो. १९८४ मध्ये जे. ई. फ्रॉम यांनी हा अंक २ पेक्षा जास्त असावा असे मांडले. पुढे ब्रायन डर्बी व नुनो रेइस यांनी १ ते १० ही मर्यादा सुचवली आणि ती बरीच प्रचलित झाली.

उदाहरणार्थ, घनमीटरला १,००० किलो घनता, मीटरला ३५ मिलिन्यूटन पृष्ठताण, १० मिलिपास्कल-सेकंद स्निग्धता आणि २५ मायक्रोमीटरचे छिद्र घेतल्यास झेड सुमारे ३ येतो, म्हणजे शाई योग्य पल्ल्यात आहे. त्याच छिद्रातून शुद्ध पाणी सोडले तर झेड सुमारे ४२ येतो. पाण्याचा थेंब बाहेर पडतो खरा, पण त्यामागून लहान उपथेंबांची रांग लागते आणि मागे राहिलेला द्रव बराच काळ हिंदकळत राहतो. बाटलीतली शाई पुरवून वापरण्यासाठी तिच्यात पाणी मिसळण्याचा उपाय का फसतो, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

रंगद्रव्याच्या शाईत कणांचा आकारही तपासावा लागतो. हे कण साधारणतः १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. ते एकमेकांना चिकटून गोळे बनू लागले की आधी गाळणी आणि मग छिद्र तुंबते. प्रकाशाच्या विकिरणावरून कणांचा आकार सांगणारी उपकरणे यासाठी वापरली जातात.

उडत्या थेंबाचे मापन

एका सामान्य थेंबाचे आकारमान १० पिकोलिटर धरले, तर त्याचा व्यास सुमारे २७ मायक्रोमीटर भरतो आणि वजन १० नॅनोग्रॅम. इतकी लहान वस्तू सेकंदाला ६ मीटर वेगाने जात असताना मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत वजनाची आहे आणि ती आजही सर्वांत विश्वासार्ह मानली जाते. एका छिद्रातून १० लाख थेंब एका लहान भांड्यात सोडले की सुमारे १० मिलिग्रॅम शाई जमते. मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतील तराजूवर हे वजन साधारण एक टक्का अचूकतेने मिळते. अडचण बाष्पीभवनाची असते. विद्रावकयुक्त शाई तोलता तोलता उडून जाते, म्हणून भांडे झाकावे लागते किंवा घटीचा वेग आधी मोजून हिशेबात धरावा लागतो. शिवाय या पद्धतीत केवळ सरासरी कळते. एक थेंब ८ आणि पुढचा १२ पिकोलिटरचा असेल, तरी तराजूला दोन्ही १० चेच वाटतात.

दुसरी पद्धत प्रकाशीय आहे. तिच्या उपकरणास सर्रास ड्रॉपवॉचर म्हणतात. यात प्रिंटहेडच्या एका बाजूला सूक्ष्मदर्शक भिंग लावलेला कॅमेरा आणि समोर एलईडी दिवा असतो. थेंब सोडण्याच्या संकेताशी जुळवून, ठरावीक मायक्रोसेकंदांच्या विलंबाने दिवा क्षणभर लखलखतो. प्रत्येक थेंब एकाच जागी असताना दिवा लागत असल्याने पडद्यावर थेंब स्थिर दिसतो. विलंब ५० मायक्रोसेकंदांनी वाढवला आणि थेंब ३०० मायक्रोमीटर पुढे सरकलेला दिसला, तर वेग सेकंदाला ६ मीटर. दिव्याची लखलख किती अल्प असावी, हेही याच हिशेबातून ठरते. एका मायक्रोसेकंदात थेंब ६ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या पाचव्या भागाहून अधिक, आणि चित्र पुसट येते. त्यामुळे लखलख १०० नॅनोसेकंदांच्या आसपास आणावी लागते.

छायाचित्रावरून व्यास आणि व्यासावरून आकारमान काढताना विशेष दक्षता घ्यावी लागते. आकारमान व्यासाच्या घनाशी निगडित असल्यामुळे २७ मायक्रोमीटरच्या थेंबात एका मायक्रोमीटरची चूक झाली, तर आकारमानात सुमारे ११ टक्के फरक पडतो. थेंबाची कडा नेमकी कुठे धरायची, हे संगणक प्रणालीतील उंबरठ्याच्या मूल्यावर अवलंबून असते. म्हणूनच जाणकार प्रयोगशाळा प्रकाशीय उपकरणाचे आकडे अधूनमधून वजनाच्या पद्धतीशी ताडून घेतात. ड्रॉपवॉचरच्या पडद्यावर दशांश चिन्हानंतर दोन अंक दिसतात, याचा अर्थ तितकी अचूकता आहे असा होत नाही.

लखलखाटाच्या पद्धतीचा आणखी एक सापळा आहे. कॅमेऱ्याचे एक चित्र तयार होईपर्यंत शेकडो थेंब येऊन गेलेले असतात आणि पडद्यावरील थेंब म्हणजे त्या सर्वांची एकावर एक पडलेली प्रतिमा असते. थेंबांमध्ये आपसांत फरक असेल तर कडा किंचित धूसर होते, एवढाच पुरावा उरतो. एकाच थेंबाचे खरे चित्र घ्यायचे तर एकच तीव्र लखलख, बहुधा लेसरची, लागते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठ आणि ओसे ही मुद्रणयंत्र कंपनी यांनी २००० च्या दशकात केलेल्या संशोधनात छिद्रामागील कप्प्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा अभ्यास झाला. दाबविद्युत स्फटिक शाई ढकलतो, तसाच तो शाईतील दाबाच्या लहरी ऐकूही शकतो. बुडबुडा शिरला की लहरींचा आवाज बदलतो आणि छिद्र बंद पडण्यापूर्वीच ते ओळखता येते. यात स्वतंत्र उपकरणाची गरज राहत नाही, प्रिंटहेड हेच आपले मापनयंत्र बनते.

प्रयोगशाळांमध्ये डायमॅटिक्स मटेरियल्स प्रिंटर या छोट्या यंत्राचा वापर बराच रूढ आहे. त्याच्या बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये १६ छिद्रे असतात आणि ड्रॉपवॉचर यंत्रातच बसवलेला असतो. विद्युतवाहक शाई, औषधे किंवा सेन्सर छापण्याच्या प्रयोगांत तो जगभर वापरला जातो.

वेगातील फरकाचा कागदावरील परिणाम

थेंबाचा वेग मोजण्यात इतका खटाटोप कशासाठी, हे एका साध्या हिशेबावरून कळते. प्रिंटहेड कागदापासून १ मिलिमीटर उंचीवर असून सेकंदाला १ मीटर वेगाने आडवे सरकत आहे असे मानू. थेंबाचा वेग ६ मीटर असेल तर कागदावर पोहोचायला त्याला १६७ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात तो प्रिंटहेडच्या दिशेने १६७ मायक्रोमीटर पुढे जाऊन पडतो. एखाद्या छिद्रातील थेंबाचा वेग ५ मीटरवर आला तर हेच अंतर २०० मायक्रोमीटर होते. फरक ३३ मायक्रोमीटरचा. इंचाला ७२० ठिपके छापणाऱ्या यंत्रात दोन ठिपक्यांमधील अंतर सुमारे ३५ मायक्रोमीटर असते, म्हणजे थेंब जवळजवळ एक पूर्ण घर चुकतो. प्रिंटहेड जाताना व येताना दोन्ही वेळा छापत असेल, तर चूक विरुद्ध दिशांना होऊन दुप्पट दिसते आणि उभी रेघ दुहेरी उमटते. थेंबाची दिशा एका अंशाने जरी तिरकी असली, तरी १ मिलिमीटर अंतरावर तो सुमारे १७ मायक्रोमीटर बाजूला पडतो.

छपाईच्या गुणवत्तेचे मापन

कागदावर उमटलेल्या छपाईचे दोष शब्दांत सांगणे सोपे व अंकांत सांगणे अवघड असते. २००१ मध्ये आलेल्या आयएसओ १३६६० या मानकाने त्यासाठी व्याख्या निश्चित केल्या. त्याची जागा पुढे आयएसओ/आयईसी २४७९० या मानकाने घेतली. रेघेची जाडी, तिच्या कडेचा खडबडीतपणा, कडेचा धूसरपणा व रेघेचा गडदपणा या गोष्टी रेघा व अक्षरांसाठी मोजतात. मोठ्या रंगीत भागासाठी कणीदारपणा व डागाळलेपणा असे दोन निकष आहेत. दोहोंमधील सीमा मिलिमीटरला ०.४ आवर्तने, म्हणजे अडीच मिलिमीटरला एक, अशी धरली जाते. त्याहून बारीक चढउतार कणीदारपणात आणि त्याहून मोठे डागाळलेपणात मोजले जातात.

रंगाची घनता डेन्सिटोमीटरने मोजतात. पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी दहावा भाग परत आला तर घनता १ आणि शंभरावा भाग आला तर २, असे हे लॉगरिथमिक माप आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर हे अधिक परिपूर्ण उपकरण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यातील परावर्तन टप्प्याटप्प्याने मोजते आणि त्यावरून सीआयई लॅब पद्धतीतील तीन अंक देते. दोन रंगांतील अंतर डेल्टा ई या एककात सांगतात. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन नमुन्यांत साधारण १ डेल्टा ई इतका फरक सराव असलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. साड्या, वेष्टने किंवा राजकीय पक्षांचे झेंडे अशा कामांत ग्राहक रंगाबाबत आग्रही असतो आणि तिथे वाद मिटवायला हा अंकच कामी येतो.

फ्लेक्स फलकाचे निकष वेगळे असतात. सामान्य डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन ओळखतो. १० मीटर अंतरावर हा कोन जवळपास ३ मिलिमीटर भरतो. त्यामुळे चौकातील फलकावर इंचाला ७२ ठिपकेही पुरतात आणि बारीक थेंबांवर खर्च करणे निरर्थक ठरते. तिथे मोजावयाच्या गोष्टी म्हणजे उन्हात रंग किती टिकतो आणि मोठ्या सपाट रंगात पट्टे दिसतात की नाही.

देवनागरी मजकूर आणि छिद्रांचे दोष

मुद्रण चाचणीची प्रचलित पाने देवनागरी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नाहीत. या लिपीची रचना मात्र इंकजेटच्या एका विशिष्ट दोषाला फार संवेदनशील आहे. प्रिंटहेड पानावर आडवे सरकते, म्हणून बंद पडलेल्या छिद्राची खूण आडव्या पांढऱ्या रेघेच्या रूपात उमटते. शिरोरेखाही आडवीच असते. १० पॉइंटच्या मजकुरात शिरोरेखेची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास धरली आणि छिद्रांमधील अंतर इंचाला ३६० या हिशेबाने ७० मायक्रोमीटर धरले, तर ती अवघ्या तीन-चार छिद्रांच्या ओळींनी बनते. एका फेरीत छापणाऱ्या जलद पद्धतीत त्यांतील एक छिद्र बंद असेल, तर ओळीतील एकूण एक शब्दांची शिरोरेखा चिरली जाते किंवा बारीक होते. रोमन लिपीत इतकी सलग आडवी रेघ नसल्याने तोच दोष तिथे विखरून जातो आणि सहज नजरेआड होतो.

अनुस्वाराचा प्रश्न निराळा आहे. लहान मजकुरातील अनुस्वाराचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. तो पुसट झाला की ‘मंद’चे ‘मद’ होते, आणि शिरोरेखेवर उपथेंबांचा पुंजका पडला तर उलटही घडते. आडनावे व गावांची नावे छापताना हा दोष केवळ सौंदर्याचा राहत नाही. मराठी मजकुरासाठी यंत्र निवडताना किंवा तपासताना शिरोरेखा, अनुस्वार, रफार व १ आणि ९ हे अंक असलेले आपले स्वतंत्र चाचणी पान बनवून घेणे म्हणूनच अधिक उपयुक्त ठरते.

बारकोडच्या बाबतीत दोष यंत्राला आधी आणि माणसाला नंतर कळतो. ईएएन-१३ बारकोडमधील सर्वांत अरुंद पट्टी मूळ आकारात ०.३३ मिलिमीटरची असते. शाई दोन्ही कडांनी ०.०५ मिलिमीटर पसरली, तर पट्टी ०.४३ व शेजारची मोकळी जागा ०.२३ मिलिमीटर होते आणि स्कॅनर गोंधळतो. क्यूआर कोडमध्ये निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के माहिती खराब झाली तरी ती भरून काढण्याची सोय असते. त्यामुळे क्यूआर कोड खराब छपाई बराच काळ सोसतो, आणि जेव्हा वाचेनासा होतो तेव्हा यंत्र कधीच बिघडलेले असते. बारकोडची प्रतवारी आयएसओ/आयईसी १५४१६ आणि क्यूआरसारख्या द्विमितीय संकेतांची प्रतवारी १५४१५ या मानकानुसार करतात.

वेष्टनावरील तारखा आणि लॉट क्रमांक

वेष्टित वस्तूंवर किंमत, वजन इत्यादी माहिती छापणे वैधमापन (वेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये बंधनकारक असून अंकांची किमान उंचीही नियमांत दिलेली आहे. या कामासाठी बहुधा अखंड धारेची यंत्रे वापरतात. मुंबईत मुख्यालय असलेली कंट्रोल प्रिंट ही या क्षेत्रातील भारतीय कंपनी १९९१ मध्ये स्थापन झाली. अशा यंत्रांतील शाई लवकर वाळणाऱ्या विद्रावकात असते आणि न वापरलेले थेंब परत टाकीत जातात. परतीच्या प्रवासात विद्रावक उडत असल्याने शाई सतत घट्ट होत जाते. त्यामुळे या यंत्रांत स्निग्धतामापक अंगभूतच असतो आणि त्याच्या संकेतानुसार विद्रावक आपोआप मिसळला जातो. थेंबाला विद्युतभार नेमका धार तुटण्याच्या क्षणी द्यावा लागतो, म्हणून तो क्षणही यंत्र स्वतः पुन्हा पुन्हा मोजते.

विदर्भातील सोयाबीन व कापूस उत्पादकांच्या दृष्टीने या छपाईला व्यावहारिक महत्त्व आहे. बियाणे उगवले नाही तर तक्रार करताना पाकीट, त्यावरील लेबल आणि खरेदीची पावती जपून ठेवावी लागते. लॉट क्रमांक हाच त्या बियाण्याची ओळख असतो. गुळगुळीत प्लास्टिकवरील छपाई घामेजल्या हाताने पुसली जात असेल, तर पुरावाच पुसला जातो. चिकटपट्टी लावून ओढणे, ठरावीक दाबाने ठरावीक वेळा घासणे आणि पाणी किंवा तेल लावून पुसणे या चाचण्या त्यासाठीच आहेत. त्या दिसायला ओबडधोबड असल्या, तरी बाजारात पाकिटाचे जे होते त्याच्याशी त्यांचे नाते सर्वांत जवळचे आहे.

कार्ट्रिज किती पाने देते

सामान्य ग्राहकाला भिडणारा आकडा म्हणजे कार्ट्रिजची किंवा शाईच्या बाटलीची पृष्ठसंख्या. रंगीत इंकजेट मुद्रकांसाठी ती आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार काढतात आणि त्यासाठीची पाच पानांची संहिता २४७१२ मध्ये दिली आहे. किमान तीन मुद्रक आणि प्रत्येकात तीन कार्ट्रिज संच वापरून, सुमारे २३ अंश सेल्सियस तापमानात, शाई संपेपर्यंत पाने सलग छापली जातात. मिळालेल्या आकड्यांची सरासरी जाहीर न करता ९० टक्के विश्वासपातळीची खालची मर्यादा जाहीर केली जाते. छपाईचा वेग मोजण्यासाठी आयएसओ/आयईसी २४७३४ हे वेगळे मानक आहे.

या आकड्याचा अंदाज कागदावरही बांधता येतो. ए-४ पानाच्या ५ टक्के भागावर, इंचाला ६०० ठिपके या सूक्ष्मतेने, १० पिकोलिटरचे थेंब टाकले तर सुमारे १७ लाख ४० हजार थेंब, म्हणजे १७.४ मायक्रोलिटर शाई लागते. या हिशेबाने ७० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४,००० पाने निघावीत.

गावातील सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरतो, आणि त्याला कोणाची लबाडीच कारण असते असे नाही. मानकातील चाचणी सलग छपाईची आहे. दुकानातला मुद्रक दिवसातून दहा-वीसदा जागा होतो, मध्ये वीज जाते, रविवारी तो बंद असतो. प्रत्येक वेळी सुरू होताना तो छिद्रे साफ करण्यासाठी थोडी शाई सोडतो व ती आतील शोषक गादीत जिरते. पट्टे दिसले की चालक स्वतःहून सफाईचा आदेश देतो, आणि एका खोल सफाईत जाणारी शाई अनेक पानांच्या शाईइतकी असते. आकडा पाहताना म्हणून ‘एका पानामागे शाई’ यापेक्षा ‘एका महिन्यात पाने किती आणि शाई किती’ हे गुणोत्तर अधिक खरे बोलते. ते काढायला वही आणि मुद्रकातील पानांचा गणक पुरेसा होतो.

हवामानाचा परिणाम

प्रमाणित चाचण्यांसाठी कागद २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावा, असे आयएसओ १८७ सांगते. बुलढाणा जिल्ह्यात असा दिवस आपोआप क्वचितच उगवतो. जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानले जातात. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पट्टा अधिक तापतो, तर उंद्री ज्या चिखली तालुक्यात आहे तो घाटावर येतो. पश्चिम विदर्भात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत उघड्या छिद्राच्या तोंडाशी शाईतील पाणी वेगाने उडते व तिथली स्निग्धता वाढते. सफाईनंतर छपाई नीट येते, पण पाच मिनिटांच्या खंडानंतर पहिली ओळ पुसट निघते, हे त्याचे ठळक लक्षण. मापनाच्या भाषेत यास झाकण काढल्यानंतरचा टिकाव म्हणतात. छिद्र किती सेकंद उघडे ठेवल्यावर पहिला थेंब चुकतो, हे मोजून तो सांगितला जातो.

टाकीतील शाई मात्र उष्णतेने उलट पातळ होते, थेंब मोठे पडतात आणि रंग गडद येतो. चांगल्या प्रिंटहेडमध्ये तापमापक असतो व त्यानुसार विद्युतदाब कमी-जास्त केला जातो. सफाई करूनही पुसट येणारी छपाई आणि काही न करता गडद होणारी छपाई अशा दोन परस्परविरोधी तक्रारी एकाच दुपारी, एकाच यंत्राबाबत येऊ शकतात. कोकणात पावसाळ्यात उलट स्थिती असते. छिद्रे वाळत नाहीत, पण ओलसर कागद फुगून लहरतो, त्याचे प्रिंटहेडपासूनचे अंतर बदलते आणि थेंब जागा चुकतात.

अल्पखर्ची साधने

पूर्ण सज्ज ड्रॉपवॉचर लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरचा असतो. मुद्रणाचे औपचारिक शिक्षण देणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थाही, उदा. मुंबईची शासकीय मुद्रण तंत्र संस्था आणि पुण्यातील पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मुद्रण अभियांत्रिकी विभाग, प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. तथापि बरेच मापन साध्या साधनांनी होऊ शकते.

मुद्रकातूनच निघणारा छिद्र तपासणीचा नमुना हे त्यांतील पहिले साधन. त्यातील प्रत्येक लहान रेघ एका छिद्राची असते. दररोजचा नमुना तारीख घालून जपून ठेवल्यास एकच छिद्र पुन्हा पुन्हा जाते की दरवेळी वेगवेगळी जातात, हे कळते. एकच छिद्र जात असेल तर दोष प्रिंटहेडचा, आणि जागा बदलत असतील तर हवा शिरण्याचा किंवा शाईचा संशय घ्यावा. १० पट भिंगातून कडा व उपथेंब दिसतात. इंचाला २,४०० बिंदूंच्या सपाट स्कॅनरमध्ये एक बिंदू सुमारे १०.६ मायक्रोमीटरचा असतो, त्यामुळे कागदावर ५० मायक्रोमीटरपर्यंत पसरलेला ठिपका पाच बिंदूंत दिसतो. खोक्यावर छापलेली सूक्ष्मता आणि भिंगाची खरी क्षमता यांत अंतर असते, म्हणून आधी मिलिमीटरची चांगली पट्टी स्कॅन करून ताडून पाहणे इष्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी विकसित केलेली इमेजजे ही मोफत संगणक प्रणाली जीवशास्त्रासाठी बनली असली, तरी ठिपक्यांची संख्या, क्षेत्रफळ व गोलाई मोजायला ती तितकीच चालते.

रंगाचा टिकाव मोजण्यासाठी छापलेल्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती खिडकीत ठेवण्याची जुनी रीत आहे. कापड उद्योगात यासोबत निळ्या लोकरीच्या आठ प्रमाणित पट्ट्या ठेवतात. त्यांतील कितवी पट्टी नमुन्याइतकी विटली, यावरून १ ते ८ अशी श्रेणी मिळते. विरघळणाऱ्या रंगाच्या शाईपेक्षा रंगद्रव्याची शाई सामान्यतः अधिक टिकते. प्रकाशाखेरीज ओझोन व आर्द्रता यांचाही छपाईवर परिणाम होतो, त्यामुळे खिडकीतील नमुन्यासोबत एक नमुना अंधारात पण उघड्या हवेत ठेवला तर विटण्याची दोन्ही कारणे वेगळी करता येतात. दाखले, करारपत्रे आणि जमिनीचे कागद दहा-वीस वर्षांनी पुन्हा काढले जातात. पाणी लागल्यावर अशा कागदावरील शाई पसरते का, हे एका थेंबाने आणि एका मिनिटात तपासता येते.